आधी वाट, मग माळा: मुंबईतल्या घराची आवराआवर

दिवाळीला भरलेली बोचकी संक्रांत आली तरी दाराआडच पडून असतात. त्यातलं काहीच नको, हे ठरून गेलेलं असतं. ते कुणाकडे जायचं, कधी आणि कुणी न्यायचं, हे मात्र ठरलेलं नसतं. मग एखाद्या दुपारी घरातलं कुणीतरी गाठ सोडतं, "अगं, हे चांगलं आहे की!" म्हणतं आणि निम्मं सामान परत कपाटात जातं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: वस्तू घराबाहेर जाण्याची वाट आधी ठरवायची, कपाटाला हात नंतर लावायचा. "टाकून द्यायचं" म्हटलं की सासूबाईंचा हात थबकतो. "तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला नवा संसार थाटायचाय, तिला देऊ" म्हटलं की त्याच ते पातेलं घासूनपुसून काढून ठेवतात.

मुहूर्त, जागा आणि सामान

जून ते सप्टेंबर मोठी आवराआवर काढू नका. हवेतल्या ओलाव्यामुळे काढलेले कपडे, गाद्या, कागद दमट होऊनच परत आत जातात आणि दोन आठवड्यांत बुरशी धरतात. पितृपक्षात बरीच घरं नवी खरेदी टाळतात, त्यामुळे स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा तेव्हा उरकता येतो. कपडे, कागद आणि माळा यांना ऑक्टोबरचं ऊन हवं. दिवाळीच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट: सगळी चाळ, सगळी सोसायटी एकदम सामान काढते, भंगारवाल्याला वेळ नसतो आणि घरातल्यांना धीर नसतो. ऑक्टोबर हुकला तर सरळ फेब्रुवारी-मार्च धरा.

एका बैठकीला तीन तास पुरेत. सकाळी नऊला बसा, बाराला उठा. त्यापुढे डोकं थकतं आणि माणूस एकतर सगळंच ठेवतो नाहीतर सगळंच काढतो. दुपार लागते सामान बाहेर पोचवायला.

वन आरकेमध्ये आणि चाळीच्या खोलीत अडचण जागेची. जिथे पसारा मांडायचा तिथेच रात्री गाद्या घालायच्या असतात. त्यावर साधा उपाय म्हणजे जमिनीवर एक जुनी डबलबेडची चादर अंथरा आणि तिच्यावर मावेल तेवढंच बाहेर काढा. चादर रिकामी झाल्याशिवाय पुढचा खण उघडायचा नाही. अगदीच राहिलं तर चार कोपरे बांधून ठेवा, पण दुसऱ्या दिवशी सुरुवात त्याच गाठीपासून.

सोबत चार रिकाम्या तांदळाच्या गोण्या, सुतळी, जाड मार्कर, चिकटपट्टी, हातमोजे, मास्क, टॉर्च आणि लटकवायचा छोटा वजनकाटा. प्लास्टिकचे सुबक डबे आणि बास्केट आत्ता विकत घेऊ नका. डबे आधी आले की ते भरण्यासाठी सामान ठेवलं जातं, हा ठरलेला घोळ आहे. शिवाय कपाटाचं मापही तोवर कुणी घेतलेलं नसतं.

बाहेरच्या वाटा

पहिल्या दिवशी काहीही आवरू नका. फोन घेऊन बसा आणि कोण काय नेतं याची यादी करा. कुणाला कोणत्या वारी बोलवायचं तेही लिहा.

रद्दीवाल्याकडे वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचे भाव वेगवेगळे असतात. सगळं एकत्र बांधलं तर बहुतेक वेळा कमीत कमी भावाने जातं. गठ्ठे वेगळे बांधा आणि वजन आधी स्वतः करून ठेवा. भंगाराचंही तसंच. पितळी नळ लोखंडी पाइपाला जोडलेला असेल तर सोडवून घ्या, तांब्याची तार वेगळी काढा. स्टीलची चांगली भांडी भंगारात देणं तोट्याचं. भांड्यांच्या दुकानात मोड देऊन नवीन घेता येतात. पितळ-तांबं बरंच असेल तर पायधुनीजवळच्या तांबा काट्याला दोन-तीन दुकानांत भाव विचारावा. दोन तांबे आणि एक पळी यासाठी डोंबिवलीहून तिथवर जाण्यात अर्थ नाही.

वापरण्याजोगे कपडे बोहारणीला देऊन भांडं घेता येतं किंवा गूंजसारख्या संस्थेच्या संकलन केंद्रावर पोचवता येतात. घरी कामाला येणाऱ्या ताईंना द्यायचे असतील तर आधी विचारा आणि निवड त्यांना करू द्या. नाहीतर आपली अडगळ त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत जाते आणि संकोचापोटी त्या नाही म्हणू शकत नाहीत. धुतलेला, इस्त्रीचा, चेन आणि बटणं शाबूत असलेला कपडाच द्यायचा. फाटक्या सुती कपड्यांची फडकी करा, पण मोजून दहा. विसावं फडकं हीसुद्धा अडगळच.

पाठ्यपुस्तकं परीक्षा संपल्याबरोबर, एप्रिलमध्येच द्या. जूनमध्ये पुढच्या मुलाने नवीन घेतलेली असतात. गोष्टीची पुस्तकं किंग्ज सर्कलला किंवा फोर्टातल्या फुटपाथवरचे विक्रेते घेतात, भाव मात्र किरकोळ मिळतो. जुने मराठी ग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव अंक निघाले तर रद्दीत घालण्याआधी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेला (स्थापना १८९८) यादी पाठवून विचारा. न विचारता गोणी नेऊन टाकली तर ग्रंथपालाची पंचाईत होते.

फर्निचरची गंमत अशी की बरीच कपाटं सुताराने खोलीतच बनवलेली असतात आणि दारातून बाहेर जातच नाहीत. घेणारा शोधण्याआधी कपाट, दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट यांची मापं घ्या. सुताराची मजुरी धरून व्यवहार परवडतो का तेही बघा. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात फोटो पाठवून विचारता येतं. कापसाची गादी पिंजून घेता येते, फोमची जुनी गादी मात्र सहसा कुणी नेत नाही. तिच्यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा १९१६ वर चौकशी करा. रात्री गुपचूप गल्लीच्या टोकाला ठेवलेली गादी पहिल्या पावसात सगळ्या वस्तीची डोकेदुखी होते. आणि विकलेलं सामान "उद्या नेतो" म्हणून जिन्यात ठेवायचं नाही. तो आग लागली तर माणसांच्या सुटकेचा रस्ता आहे आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याचाही प्रश्न येतो.

जुने फोन, चार्जर, वायरी, रिमोट यांची एकच पिशवी करून नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. फोन देताना आधी त्यातल्या सगळ्या खात्यांमधून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा आणि सिम व मेमरी कार्ड काढा. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, टोचू नका, सुक्या कचऱ्यातही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेट घेते. वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवा आणि लवकर पोचवा. सीएफएल, ट्यूबलाइट आणि जुना थर्मामीटर यांत पारा असतो. ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा, मग जाड कागदाने आणि चिकटपट्टीने काचा गोळा करा. केरसुणी लावलीत तर पारा पसरतो.

मुदत संपलेली औषधं नळात किंवा संडासात ओतू नका. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून, "घरगुती घातक कचरा" असं लिहून वेगळ्या द्या. इंजेक्शनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून ठेवा. महापालिकेने सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलण्याची सोय २०२५ मध्ये सुरू केली आहे. तिच्यासाठी सोसायटीने नोंदणी केली आहे का, ते सेक्रेटरींना विचारा.

देवादिकांच्या जुन्या तसबिरी हा नाजूक मामला. त्या टाकायच्या कशा, म्हणून वर्षानुवर्षं माळ्यावर असतात, नाहीतर वडाखाली नेऊन ठेवल्या जातात आणि तिथे काचा फुटतात. हळदकुंकू वाहा, नमस्कार करा, मग फ्रेम सोडवा: काच आणि पत्रा भंगारात, कागदाची प्रतिमा निर्माल्यासोबत. २०१८ च्या बंदीआधीचं थर्माकोलचं मखर अजून माळ्यावर असेल तर तेही आता उतरवा.

आणि एक वाट बंद करा: "गावाला नेऊ." कोकणातल्या घरात मुंबईचा जुना मिक्सर, सोफा आणि फोमच्या उशा जातात, चार महिने पावसाचा दमट वारा खातात आणि पुढच्या शिमग्याला कुजलेल्या सापडतात. गावच्या माणसाने मागितलेलीच वस्तू न्या.

कुठून सुरू करायचं

माळ्यापासून नाही. सगळ्यात जड आठवणी आणि सगळ्यात जास्त धूळ तिथे असते. शिवाय वरून उतरवलेलं ठेवायला खाली रिकामी फळी लागते. यादी झाल्यावर आवरण्याचा पहिला दिवस औषधांच्या डब्याला आणि न्हाणीघराच्या फळीला द्या, तारखा छापलेल्या असल्यामुळे वाद होत नाहीत. मग स्वयंपाकघर, कपडे, कागद आणि त्यानंतर माळा. फोटो, पत्रं आणि गेलेल्या माणसांच्या वस्तू सगळ्यात शेवटी. मध्येच अल्बम हाती आला तर न उघडता बाजूला ठेवा, तो उघडला की त्या दिवसाचं काम संपलं.

"वर्षभर वापरलं नाही तर काढा" हा नियम आपल्या घरात आंधळेपणाने लावू नका. चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, गौरींचे मुखवटे वर्षातून एकदाच निघतात आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी असं विचारा: मागच्या दोन वर्षांत ज्या सणाला, ज्या कार्याला हे निघायला हवं होतं तेव्हा निघालं का? की तेव्हाही शेजारून आणलं किंवा तयार मागवलं? चकल्या गेली पाच वर्षं दुकानातून येत असतील तर तीन सोरे ठेवण्याचं कारण नाही.

स्वयंपाकघर

डब्यांपासून सुरू करा. सगळे डबे आणि सगळी झाकणं चादरीवर मांडून जोड्या लावा. ज्याचं झाकण नाही तो डबा आणि ज्याचा डबा नाही ते झाकण, दोन्ही जातील. हॉटेलच्या पार्सलचे काळे-पांढरे डबे गरम पदार्थ ठेवायला योग्य नाहीत, मोजून चार ठेवा, स्क्रू-खिळ्यांसाठी. नॉनस्टिकचा थर उडालेला तवा काढा. कुकरच्या जुन्या रबरी रिंगांचा हार खिळ्यावर लटकलेला असतो, त्यातली सध्याच्या कुकरला बसणारी एक ठेवली की झालं.

ताटं-वाट्या मोजताना घरातली माणसं गुणिले दोन, अधिक नेहमी येणारे पाहुणे, एवढा हिशेब पुरतो. चार माणसांच्या घरात बारा ताटं भरपूर. पन्नास माणसांचं जेवण आता हॉलवर होतं किंवा केटरर स्वतःची भांडी आणतो. तरीही नाव घातलेल्या भांड्यांवर येऊन हात अडकतो. लग्नातल्या आहेराच्या पातेल्यावर मामाचं नाव आणि तारीख कोरलेली असते. असली दोन-तीन ठेवा, पण रोजच्या वापरात घ्या. दूध तापवायच्या पातेल्यावरचं मामाचं नाव रोज दिसतं, माळ्यावरच्या गोणीतलं कुणालाच दिसत नाही. पितळी भांडं वापरात काढायचं तर आधी कल्हई करून घ्या. कल्हईशिवाय त्यात ताक, चिंच, कोकम, टोमॅटो नको.

परत मांडताना रोजचं सामान कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जड पातेली खाली आणि सणाचं सगळ्यात वर. सिंकखालच्या कपाटात धान्य, कागद, पिशव्यांचा ढीग नको. तिथली गळती आणि झुरळं दोन्ही उशिरा कळतात.

कपडे

एका माणसाचे सगळे कपडे एकाच वेळी काढा, मग किती आहेत ते कळतं. दुसऱ्याच्या कपड्यांना हात लावायचा नाही, नवऱ्याच्याही नाही. सोपी खूण अशी की कपडा घालून बघा. "बारीक झाल्यावर घालीन" या सदरातले दोन ठेवा.

साड्यांची चळत आठ-दहांच्या वर गेली की खालची साडी ओढताना सगळी कोसळते आणि मग वरच्या चारच नेसल्या जातात. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढा. मुंबईच्या दमटपणात आत घाम धरतो आणि डाग पडतात. मऊ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच रेशीम विरतं. डांबर गोळी जरीला थेट लागू देऊ नका, जर काळवंडते. बाळाच्या कपड्यांत तर डांबर गोळ्या अजिबात नकोत. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवा. सुती गोधड्या कडक उन्हात चार तास, रेशीम सावलीत. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्या जागा वाचवतात खऱ्या, पण जरा दमट कपडा आत गेला तर पावसाळ्याअखेर वास सुटतो.

जुनी जरीची साडी फाटली असेल तर फेकण्याआधी सोनाराकडे जर खरी आहे का ते तपासून घ्या.

कागद: इथे घाई महागात पडते

आवरण्याच्या उत्साहात मुंबईत सर्वांत मोठं नुकसान होतं ते इथे. "जुनं आहे, टाका" हे तत्त्व कागदांना चालत नाही, कारण काही कागदांची किंमत ते जुने आहेत यातच असते.

पागडीच्या घरात राहत असाल तर भाड्याच्या पावत्या, अगदी आजोबांच्या नावावरच्याही, कधीही टाकू नका. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रतेत १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांना महत्त्व आहे. त्याआधीचं वीजबिल, मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड हे वास्तव्याचे पुरावे असतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी कामगार पटावर होता का, हे पाहिलं जातं. म्हणून लालबाग-परळच्या ट्रंकेतलं गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती वेगळी जपा. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. नातवाच्या प्रवेशाच्या वेळी हा चुरगळलेला कागद शोधत गावोगाव फिरायची वेळ येते.

कायम ठेवायचं: घराचा मूळ करारनामा आणि आधीच्या मालकांचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा), मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नामनिर्देशनाची पोच, जन्म-मृत्यू-विवाह दाखले, मृत्युपत्र, निकालपत्रं. विम्याचे बाँड पैसे मिळेपर्यंत. आयकराचे कागद सात-आठ वर्षं. कंपन्यांचे कागदी शेअर निघाले तर मोडीत समजू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतरण थांबलं, पण ते डीमॅट करता येतात, आणि सात वर्षं न घेतलेला लाभांश गुंतवणूकदारांच्या सरकारी निधीत गेला असला तरी मागता येतो.

घालवायचं: वर्षापूर्वीची फोन-गॅसची बिलं (वर सांगितलेले पुरावे सोडून), विकून टाकलेल्या यंत्रांच्या पुस्तिका, लग्नपत्रिका. थर्मल कागदाची वॉरंटी पावती आपोआप पुसट होते, म्हणून आजच फोटो काढा. आधार-पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स रद्दीत देऊ नका. बादलीत रात्रभर भिजवून त्यांचा लगदा करा.

मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, शिक्का-सही तपासता येत नाही. स्टेपलर आणि टाचण्या काढा, दमट हवेत गंजतात आणि कागद खातात. स्वतः स्कॅन केलेली प्रत सोयीची, मूळ कागदाची जागा ती घेत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी फाइल खालच्या खणात ठेवूच नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती घरांतले करारनामे चिखलात गेले हे कुर्ला-कलिन्याच्या लोकांना विचारा.

रद्दीत, साडीच्या घडीत, कपाटातल्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली आणि तांदळाच्या डब्यात हात घालून बघितल्याशिवाय काहीही बाहेर देऊ नका. तिथे पैसे असतात. २०१६ ला रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा सापडल्या तर आठवण म्हणून जास्तीत जास्त दहा ठेवता येतात, त्याहून जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन हजारांच्या नोटा मे २०२३ मध्ये मागे घेतल्या, पण त्या अवैध ठरवलेल्या नाहीत. त्यांचं काय करायचं ते रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात विचारा.

माळा

दोन माणसं हवीत: एक शिडीवर, एक खाली शिडी धरून सामान घेणारा. स्टुलावर स्टूल नको. आधी टॉर्चने बघा. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू फिरवू नका. जंतुनाशकाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग ओल्या कागदाने पुसा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. नळ्या मोडून काम चालू ठेवलं तर ती दुसरीकडे सरकते. काम थांबवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला ती जशीच्या तशी दाखवा.

एका वेळी माळ्याचा तिसरा हिस्सा उतरवा. यंत्रांचे रिकामे खोके आधी फोडा: वॉरंटी संपलेल्या मिक्सरचा खोका ठेवून काही मिळत नाही, आणि पुठ्ठा झुरळांना व कसरीला घर पुरवतो. पाणीकपातीच्या दिवसांतली पिंपं, तुटका पाळणा, जुना कूलर अशी मोठी धेंडं पहिल्याच दिवशी गेली की निम्मा माळा मोकळा दिसतो आणि घरच्यांचा विश्वास बसतो. जुन्या इमारतीत माळा लाकडी असेल तर त्यावर पुस्तकं आणि भांड्यांच्या गोण्या नकोत, खालची बाजू झुकली आहे का ते बघा.

ट्रंक उघडल्यावर

माळ्याच्या कोपऱ्यातली ट्रंक उघडली की वस्तूंचं काम संपतं आणि माणसांचं सुरू होतं.

ज्याची वस्तू त्याचाच निर्णय. सासूबाई गावाला गेल्या असताना त्यांची गाठोडी काढून टाकली तर त्या परतल्यावर रिकामी डालडाची बरणीसुद्धा राखू लागतात. मग पुढची दहा वर्षं काहीच हलत नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ, रॉकेलच्या रांगा आणि १९८२ चा गिरणी संप बघितला त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली ती वेडापायी नव्हे, त्या सुतळीवर घर चाललं होतं. त्यांना "हे लागतं का?" विचारू नका, उत्तर "असू दे, लागेल कधीतरी" हेच येणार. "आई, ही समई कुणाकडे गेलेली तुम्हाला आवडेल?" असं विचारा. त्यांना खुर्चीवर बसवून एकेक वस्तू हातात द्या. पाऊण तास झाला की थांबा. घरातली एक फळी किंवा एक ट्रंक संपूर्ण त्यांची असावी, तिच्यात कुणी बोलायचं नाही.

एखादी वस्तू तीनदा उचलून तीनदा खाली ठेवली गेली तर ती "थांबा"च्या खोक्यात घाला. खोका एकच, एका माणसाला उचलता येईल इतका. वर तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी उघडा. दुसरा खोका लागायला लागला तर त्या दिवशी आवरणं बंद करा, कारण थकवा आलेला आहे.

घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फक्त औषधं, नासणाऱ्या वस्तू आणि भाड्याने आणलेला पलंग किंवा ऑक्सिजनचं यंत्र एवढंच हलवा. कुणी तेराव्याला वस्तू देतात, कुणी वर्षश्राद्धापर्यंत कपाट उघडत नाहीत. दोन्ही चालतं, मात्र दूरचे नातेवाईक सुचवतात म्हणून घाई नको. गेलेल्या माणसाचं सिम कार्ड बंद करू नका. बँक, विमा, वीज यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, सगळी खाती मार्गी लागेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. डायऱ्या आणि पाकिटं वाचून मगच बाजूला करा: लॉकर, उधारी, भिशी यांच्या नोंदी तिथे असतात.

आईच्या साड्या वाटायच्या तर लेकी-सुना एका दिवशी जमा आणि पाळीपाळीने एकेक साडी उचला. एकीने आधी "माझ्या लक्षात राहील अशा चार" काढून घेतल्या की वर्षानुवर्षं बोलणं ऐकावं लागतं. उरलेल्या मऊ सुती साड्यांची गोधडी होते, साधारण पाच-सहा साड्या लागतात. त्यात रेशमी घालू नका, धुतल्यावर दोन्ही कापडं वेगवेगळी आकसतात.

फोटो चिकट पानांच्या अल्बममधून ओढू नका, फाटतात. दात साफ करायचा धागा फोटोखाली सरकवून हळूहळू सोडवा. स्कॅन करताना साध्या प्रिंटला ३०० डीपीआय, लहान फोटोला ६०० पुरे. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. ही नावं घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून लिहा, हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. बुरशी आलेल्या व्हिडिओ कॅसेट यंत्रात घालू नका, टेप तुटते आणि यंत्रही खराब होतं.

कधी कधी प्रश्न अडगळीचा नसतोच. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर रांधता येत नाही इतकं साठलेलं, एक कागदही काढला तर माणूस कासावीस होतो, किंवा उतारवयात विसराळूपणाबरोबर एकाएकी साठवणं सुरू झालं, तर गोण्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. अशा घरात जबरदस्तीने सफाई केली तर ते सहसा पुन्हा भरतं, माणूस मात्र आणखी दुरावतो.

परत ठेवताना

आता कपाटाच्या फळ्यांची मापं घ्या आणि मगच डबे आणा. माळ्यावर पुठ्ठ्याऐवजी झाकणाचे पारदर्शक डबे, भिंतीपासून दोन-तीन बोटं लांब, म्हणजे हवा खेळते. डब्यावर नाव पुढच्या बाजूला लिहा, झाकणावर नाही, खालून ते दिसत नाही. सणाप्रमाणे भरा: गणपती-गौरीचं सगळं एका डब्यात, दिवाळीचे कंदील आणि माळा दुसऱ्यात. कोणत्या डब्यात काय, याची यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि फोटो घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. म्हणजे हरतालिकेच्या आदल्या रात्री चौरंग शोधायला अख्खा माळा उतरवावा लागत नाही.

दाराजवळ एक गोणी कायम अडकवून ठेवा. नको असलेलं त्यात टाकत जा आणि महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी ती भरलेली असो वा नसो, खाली न्या. भंगारवाल्याचा नंबर तिच्यावरच मार्करने लिहून ठेवा.